मदत हवी आहे: काकांकडून पोकरमध्ये जिंकत राहावं का?

इंदूरला लोकमान्य नगरात आम्ही पाच जण शनिवारी टेक्सास होल्डम (पोकरचा प्रकार: हातात दोन पानं, टेबलावरची सगळ्यांची) खेळतो, प्रत्येकी ५०० रुपये. शेजारचे निवृत्त काका जवळजवळ दरवेळी हरतात, बहुतेक माझ्याकडूनच. हातात दोन बदाम आणि टेबलावर दोन दिसले, की शेवटच्या पानापर्यंत पैसे लावतात. एकच पान उरल्यावर फ्लश (पाच पानं बदामाची) लागण्याची शक्यता जेमतेम २० टक्के! समजावलं, तर "मला शिकवू नकोस रे." रक्कम कमी करू म्हटलं, तर चिडले. एकदा मी मुद्दाम पत्ते टाकून डाव सोडला. बाकीच्यांनी पकडलं, आणि खरंच, ती त्यांच्याशी लबाडीच होती. काकांना पैशांची अडचण नाही, खेळही थांबवायचा नाही. (पोहे-जिलेबी तेच आणतात, म्हणून जास्त टोचतं.) असंच जिंकत राहू, की काकूंच्या कानावर घालू?