प्रतिसाद: वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरवा

"सकाळी लवकर पोचलं की पुरे ना?" असं वर रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाण्याबद्दल विचारलंय. ठाणे खाडीत तेवढ्याने भागत नाही. ऐन ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो, रोहित पार पाण्याच्या कडेला जातात आणि दुर्बिणीतही गुलाबी ठिपकेच दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. भरती ओसरू लागल्यावरचे दीड-दोन तास सर्वांत चांगले. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कोळ्यांचा जुना हिशेब आजही चालतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. बोटीतून पक्षी पाहायचे तर गणित वेगळं, बोटीला पाणी लागतं; खाडीच्या पूर्व काठावरच्या ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटींच्या फेऱ्या म्हणूनच भरतीप्रमाणे बदलतात.

उजेडाकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. मुंबईतल्या शिवडीहून खाडी पूर्वेला, त्यामुळे सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात. तिथे दुपारनंतर जा. ऐरोलीला उलट, सकाळ बरी.

दुर्बीण ८x४२ची (आठपट मोठं दाखवणारी) पुरे. तुतारी, चिखल्या असले स्थलांतरित पक्षी ऑक्टोबर ते मार्च पाहून घ्या, रोहित मेपर्यंत असतात. बगळे, खंड्या बारमाही. आणि चिखलात उतरू नका, पाय मांडीपर्यंत रुततो.