फरशीवरचं फूल रांगोळीच्या ठिपक्यांत बसेना, मदत हवी आहे

परवा दातांच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत तासभर बसले होते. दवाखाना जुन्या वाड्यात, खाली सिमेंटच्या नक्षीदार फरश्या. एका फरशीवर पाव फूल, चार फरश्या जुळल्या की आठ पाकळ्यांचं अख्खं फूल! दाढ विसरून मोबाईलमध्ये फोटोच काढत बसले.

आता ते दारात रांगोळीत काढायचंय. माझा हात नेहमीचा ११ ते ६ चा (मधल्या ओळीत ११ ठिपके, वर-खाली एकेक कमी करत ६ पर्यंत), पण त्यात प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये पडतात, म्हणून सहाच पाकळ्या सरळ येतात. मग ११ ते ११ चौकोनी ठिपके घेतले. तर कोपऱ्याकडच्या चार पाकळ्या उरलेल्या चारांपेक्षा लांब झाल्या, जवळजवळ दीडपट. फूल कसलं, भिंगरी झाली.

पाकळ्या सारख्या यायला कुठे थांबायचं? दोन ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाने टोक आणता का? की ठिपके सोडून सरळ दोरा-खडूने गोल आखून घेऊ? मुक्तहस्त मला जमत नाही, हे आधीच सांगते. अंगण नाही, फ्लॅटच्या दारापुढची तीन फुटांची जागा आहे.

आणि अशी कुठून कुठून नक्षी उचलली असेल तर फोटो टाका. मी आता खिडक्यांच्या जाळ्यांकडेही टक लावून बघते, शेजारच्यांना संशय यायला लागलाय.