महागड्या कार्डाशिवायही मनसोक्त खेळता येतं

'भारी ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेमिंगच्या नादी लागूच नये' हे नेहमी ऐकू येणारं मत मला अजिबात पटत नाही (ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकात गेमचं चित्र तयार करणारा भाग). २०२२ साली आलेला स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा गेमिंग संगणक, बघा. ७ इंची स्क्रीन, रिझोल्यूशन १२८० बाय ८०० पिक्सेल. कागदावर किरकोळ वाटतं, पण पिक्सेल कमी म्हणून चिपवरचा भार कमी, त्यामुळे बरेच जड गेमही त्यावर चालतात. हीच युक्ती जुन्या लॅपटॉपवर करा: रिझोल्यूशन एक पायरी खाली, शॅडो (सावल्यांचा तपशील) कमी आणि फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ३० वर बांधून टाका. सतत हेलकावे खाणाऱ्या ६० पेक्षा स्थिर ३० मला केव्हाही चालतात.

नवं काही घ्यायचंच तर मी आधी हॉल इफेक्ट स्टिकवाला (अंगठ्याने फिरवायची दांडी चुंबकावर चालणारा) कंट्रोलर घेईन. साध्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटरचे (दांडी किती वळली ते मोजणाऱ्या पुर्जाचे) भाग घासून झिजतात आणि पात्र आपोआप एका बाजूला चालू लागतं (माझे दोन कंट्रोलर असेच गेले). हॉल इफेक्टमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत.

निन्टेंडोच्या स्विच २ या गेमिंग कन्सोलच्या १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणाऱ्या) स्क्रीनचा मोह मलाही होतो. पण स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळला नसाल तर आधी तो खेळा, साध्या लॅपटॉपवर सुरेख चालतो.