सल्ला हवा: गाय गाभडल्याची नोंद आणि माणसाच्या तापाची नोंद एकत्र आणून संशोधन करायचंय

गोठ्यातली_लेक

नमस्कार. मी एम.व्ही.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य. प्रबंधाचा विषय ठरवायचा आहे. मनात एकच विषय आहे आणि मार्गदर्शक सर म्हणतात तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. इथे डॉक्टर, पशुवैद्य आणि संगणकवाले तिघेही वाचतात म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाव संगमनेर तालुक्यात. घरी नऊ संकरित गायी, दोन वेळचं दूध संकलन केंद्रावर जातं. मी बी.व्ही.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. जूनमध्ये आमची एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला, आणि तिची वार (गर्भाभोवतीचं, व्याल्यावर पडून जाणारं आवरण) अडकली. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले, पाऊस लागलेला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोपरापर्यंत हात घालून वार काढली. हातमोजे नव्हते, आणि कडबा तोडताना बोटाला कापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, गोळ्या ठेवल्या, कानातल्या बिल्ल्याचा नंबर बघून नोंद केली.

जुलैच्या मध्यावर अण्णांना ताप सुरू झाला. दिवसा बरे असायचे, संध्याकाळी धार काढायला बसले की अंगात कणकण, आणि रात्री गोधडी भिजेल इतका घाम. आठ दिवस ताप, चार दिवस नाही, मग पुन्हा. तालुक्याच्या दवाखान्यात विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी) केली, टायफॉइड म्हणाले, सलाईन लावलं. असं तीन वेळा झालं. ऑगस्टअखेर कंबर धरली, भाकरी खायलासुद्धा मांडी घालून बसता येईना.

सप्टेंबरात मी वसतिगृहात वरच्या वर्षाचं पुस्तक सहज चाळत होते. गाभणकाळाच्या शेवटच्या टप्प्यात गर्भपात, वार अडकणे, असं वाचलं आणि पुढच्याच परिच्छेदात माणसाला होणारा चढउताराचा ताप, घाम, कंबरदुखी. रात्री साडेदहाला घरी फोन लावला. पुढच्या आठवड्यात मोठ्या शहरात तपासणी झाली: ब्रुसेलोसिस, म्हणजे गायींना गाभडवणाऱ्या ब्रुसेला जंतूचा आजार, मणक्यात उतरलेला. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, तीन महिने. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि तीच गोळी क्षयरोगालाही देतात, त्यामुळे गावात बातमी झाली की अण्णांना टीबी आहे. दोन घरांनी आमच्याकडचं ताक नेणं थांबवलं. अण्णांना तापापेक्षा ते जास्त लागलं.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. गाय गाभडल्याची नोंद झाली होती. ताप आल्याचीही नोंद झाली होती, तीन वेळा. दोन्ही कागद एका घरातल्या दोन जिवांचे, मध्ये पाच आठवड्यांचं अंतर. पण एक कागद पशुसंवर्धनाकडे आणि दुसरा आरोग्याकडे. दोन्ही वाचणारं माणूस कोणीच नव्हतं. गाईच्या कानात बारा अंकी क्रमांक आहे आणि अण्णांच्या आरोग्य खात्याला चौदा अंकी, पण त्या दोन आकड्यांची कधी गाठ पडत नाही.

माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने 1887 साली मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा ब्रुसेलाचा जंतू वेगळा केला. तो माणसात येतो कुठून, हे मात्र 1905 साली कळलं, थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा. शेळ्या दिसायला धडधाकट होत्या. 1906 पासून सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि त्यांच्यातले रुग्ण झपाट्याने घटले. माणसातला जंतू सापडल्यापासून शेळीपर्यंत पोचायला अठरा वर्षं लागली. आमच्या घरात ते अंतर गोठा ते ओसरी, चाळीस पावलांचं होतं.

मला असं काही उभं करायचंय की एखाद्या गावात गायी गाभडायला लागल्या की तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळावं: पुढचे दोनतीन महिने न उतरणारा ताप आला तर ब्रुसेलाची तपासणी करा. अ‍ॅप करावं का? माणसांचे नमुने घ्यायला मला परवानगी मिळेल का? आणि दोन वर्षांत यातलं नेमकं किती होईल?

जंतुशास्त्र_ओपीडी

मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तुमच्या वडिलांसारखे रुग्ण दर वर्षी पाहते, आणि बहुतेक जण टायफॉइडचे दोनतीन कोर्स घेऊनच आलेले असतात.

माणसांकडून नवीन रक्त घेऊ नका, निदान या प्रबंधात तरी नको. आमच्या फ्रिजमध्ये विडालसाठी आलेल्या रक्ताचा उरलेला सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा पातळ द्रव) पडलेला असतो. नाव-पत्ता काढून टाकलेला, फक्त वय, लिंग, गाव आणि तारीख ठेवलेला असा उरलेला नमुना तपासायचा असेल, तर मानवी नैतिकता समिती संमतीपत्राची अट शिथिल करू शकते. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याची सोय आहे. पण अर्ज वैद्यकीय महाविद्यालयातल्या शिक्षकाच्या नावाने जाऊ द्या आणि तुमचे सर सहसंशोधक राहू द्या. जनावरांच्या बाजूची समिती वेगळी, तिचा कागद वेगळा. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाका, नाहीतर एका समितीची वाट पाहण्यात एक सत्र जाईल.

गुलाबी रंगाची रोझ बंगाल चाचणी स्वस्त आहे, काचेवर चार मिनिटांत उत्तर देते आणि माणूस-जनावर दोघांनाही चालते. मात्र त्यावर थांबू नका. जे नमुने पॉझिटिव्ह येतील त्यांची खात्रीसाठी ट्यूब चाचणी किंवा एलायझा करा; दोन्ही जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं मोजतात. ट्यूब चाचणीत सीरम पुरेसा पातळ करत न्या. प्रतिपिंडं फार जास्त असली तर सुरुवातीच्या नळ्या निगेटिव्ह दिसतात आणि खरा रुग्ण हातचा सुटतो.

आणि एक कळकळीची विनंती. जंतू वाढवायला, म्हणजे कल्चरला जाऊ नका. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हवेतून होणाऱ्या संसर्गांत ब्रुसेलाचं नाव फार वरचं आहे. माझ्या एका सहकाऱ्याने साधी प्लेट समजून ती उघड्यावर हाताळली होती. त्याला झाला. त्यानंतर आमच्याकडे संशयित नमुन्यावर आधीच लाल पेनाने लिहून येतं. तुम्ही जिथे नमुने पाठवाल तिथे हे सांगितल्याशिवाय बाटली देऊ नका.

दवाखाना_श्रेणी_एक

बाळ, मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी. एकतीस वर्षं नोकरी केली. तुझ्या अण्णांनी केलं ते मी शेकडो वेळा केलंय, हातमोज्याशिवाय. मलाही हा ताप होऊन गेला.

तुझी कल्पना चांगली आहे, पण तू धरून चालली आहेस की गाय गाभडली की नोंद होते. होत नाही. गाभडलेल्या गाईची किंमत बाजारात पडते. शेतकरी वासरू रातोरात पुरतो आणि डॉक्टरला वार काढायला बोलावतो. म्हणून तू "गाय गाभडली का?" असं विचारलंस की सगळे नाही म्हणतील. "यंदा किती गायींची वार अडकली?" असं विचार. "किती गायी वेळेआधी व्याल्या?" असं विचार. त्यात लाज वाटण्यासारखं कोणाला काही वाटत नाही, खरं उत्तर येतं. मी हे दहाबारा वर्षांनी शिकलो.

दुसरं, लसीचा हिशेब ठेव. जनावरांतला हा रोग आटोक्यात आणायचा राष्ट्रीय कार्यक्रम 2019 च्या सप्टेंबरात सुरू झाला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच लस द्यायची. एस-19 ही लस जिवंत जंतूची आहे. लस टोचलेली कालवड पुढे काही काळ चाचणीत पॉझिटिव्ह दिसू शकते, तेव्हा लसीची तारीख लिहिल्याशिवाय रक्त घेऊ नकोस. आणि ती सुई चुकून आपल्या बोटाला लागली तर हसण्यावारी न्यायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आमच्या वेळी आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

तिसरं जरा अवघड आहे. बाहेरच्या काही देशांनी बाधित जनावर कापून कळप साफ केले. आपल्याकडे गाईच्या बाबतीत तो रस्ता नाही. मग पॉझिटिव्ह आलेल्या गाईचं शेतकऱ्याने करायचं काय? तो पुढच्या बाजारात विकतो, आणि रोग पुढच्या तालुक्यात. तू एखाद्याला "तुझी गाय पॉझिटिव्ह आहे" असं सांगशील त्या दिवशी त्याला पुढे काय सांगणार, हे आधी ठरवून ठेव. वेगळी बांधणं, दूध उकळणं, वार आणि मेलेलं वासरू चुना टाकून खोल पुरणं, व्यायच्या वेळी हातमोजे. एवढं तरी छापील कागदावर मराठीत असू दे.

नकाशेवाला_पुणे

मी भौगोलिक माहितीवर काम करतो, आरोग्य खात्याच्या आकडेवारीशी संबंध आलेला आहे. अ‍ॅप करू नका. तालुक्यातला माणूस आधीच पाच अ‍ॅप भरतो आहे, सहावं रिकामं राहील.

माणसाचा क्रमांक आणि गाईचा क्रमांक जोडायच्या मागेही लागू नका. एक तर परवानगी मिळणार नाही, आणि मिळू नये असंच माझं मत आहे. टीबीच्या अफवेचं तुम्ही लिहिलंत, त्यावरून कळेलच का ते. जोडायचं ते गाव आणि आठवडा. अमुक गाव, अमुक आठवडा: वार अडकलेल्या गायी किती, सात दिवसांवर ताप टिकलेले रुग्ण किती. एवढ्याने तुमचा प्रश्न सुटतो आणि कोणाचं नाव लागत नाही.

गाव मात्र नावाने जोडू नका. वडगाव, पिंपळगाव, निमगाव किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक खात्याचं वेगळं. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक आहे, तो दोन्हीकडच्या तक्त्यांत पहिल्या रकान्यात टाका. कंटाळवाणं काम आहे, पंधरा दिवस जातील. पण ते झालं की उरलेलं विश्लेषण साध्या तक्त्यात होतं.

मशीन लर्निंगचा मोह टाळा. पन्नाससाठ गावांच्या माहितीवर ते काहीही शिकत नाही. त्यापेक्षा हा हिशेब सरांना दाखवा. समजा हजार तापाचे रुग्ण तपासले, त्यांतल्या वीस जणांना खरंच ब्रुसेला आहे. चाचणी दोन्ही बाजूंनी 95 टक्के अचूक धरली तर विसापैकी 19 सापडतील, पण उरलेल्या 980 पैकी 49 जण उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे 68 पॉझिटिव्हपैकी खरे 19. आता हीच चाचणी फक्त गायी गाभडलेल्या गावांत केली आणि तिथे हजारात शंभर खरे असले, तर 95 खरे आणि 45 खोटे. चाचणी तीच, किट तेच. गोठ्यातल्या माहितीमुळे डॉक्टरच्या हातातल्या कागदाची किंमत वाढली. तुमच्या प्रबंधाचा गाभा मला इथे दिसतो.

सह्याद्रीपलीकडे

सिंधुदुर्गात आरोग्यसेवक आहे. थोडंच लिहितो. आमच्याकडे 2016 पासून दोडामार्ग, सावंतवाडीत माकडताप आला, तेव्हा हेच करायला लागलो होतो. रानात माकड मेलेलं दिसलं की लोकांनी कळवायचं, आणि त्या भागातल्या वाड्यांत तापाचे रुग्ण शोधायला आम्ही घरोघर जायचं. काजूच्या बागेत जाणाऱ्यांना अंगाला लावायचं तेल द्यायचं, गोचीड चावू नये म्हणून. माकड मेल्याची खबर ही आमची घंटा होती. सुरुवातीला लोक कळवत नव्हते. खबर दिल्यावर त्याच दिवशी कोणीतरी येतं, हे दिसलं तेव्हा फोन यायला लागले. तुमच्या गावांत वार अडकल्याची खबर दिल्यावर त्या घरी कोण जाणार, ते बघा.

गोठ्यातली_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं वहीत उतरवून काल सरांकडे गेले. नकाशेवाल्या दादांचा 19 आणि 95 चा हिशेब फळ्यावर मांडला. सर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, आता हा प्रबंध वाटतोय.

अ‍ॅप सोडलं. कल्चर सोडलं. एकच तालुका, चाळीस गावं, बारा महिने. जनावरांच्या बाजूने वार अडकणे आणि वेळेआधी विणे, लसीच्या तारखेसकट. माणसांच्या बाजूने विडालला आलेला उरलेला सीरम, गाव आणि आठवडा एवढ्याच ओळखीवर. जंतुशास्त्र ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकला आहे. तुमच्या महाविद्यालयाच्या समितीपुढे अर्ज घालता येईल का ते बघाल?

डॉक्टरकाका, तुमचा तिसरा मुद्दा मला रात्रभर झोपू देत नव्हता. उरलेल्या सीरमवर नाव नसणार, म्हणजे एखादा नमुना पॉझिटिव्ह आला तरी तो माणूस मला सापडणार नाही. अण्णांसारखा कोणीतरी तीन महिने टायफॉइडच्या गोळ्या खात असेल आणि मला ते माहीत असूनही सांगता येणार नाही. यावर सरांनी असं सुचवलं की एखाद्या गावातून दोन नमुने पॉझिटिव्ह आले की त्या गावाचं नाव त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं, आणि तिथल्या डॉक्टरांनी न उतरणाऱ्या तापाच्या रुग्णांना बोलावून रीतसर तपासायचं. हे अर्जातच लिहिणार आहे. दोन ऐवजी एकावरच कळवावं असं मला वाटतं, पण नकाशेवाले दादा म्हणाले तसे खोटे पॉझिटिव्हही असणार. एकाच नमुन्यावर अख्ख्या गावात घबराट झाली तर? कोणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा.

छापील कागद अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "चुना टाकून पुरा" असं लिहिलंयस, पण किती खोल ते लिही, नाहीतर कुत्री उकरतात.

दवाखाना_श्रेणी_एक

कमीत कमी चार फूट, बाळ. आणि वर दगड ठेवायला सांग.