फिरंग कशाला म्हणायचं?

प्रश्न

मामांच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून एक तलवार निघाली. घरात सगळे तिला 'फिरंग' म्हणतात, आजोबाही तेच म्हणायचे. मूठ पितळी. बोटांच्या पुढून पट्ट्यांची अर्धी जाळी, आणि जाळीत मुकुटाखाली गुंफलेली व्ही आणि आर ही अक्षरं. पातं एकधारी, किंचित बाकदार, मोजलं तर 82 सेंटिमीटरच्या थोडं वर.

भाचीच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. तलवार न्यायची नाही, फक्त फोटो आणि खाली चार ओळींची मराठी चिठ्ठी. तिथेच अडलोय. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज ना? मग इंग्रजांच्या तलवारीला फिरंग म्हणायचं का? आणि हिल्ट, गार्ड, फुलर याला मराठीत काय म्हणतात?

प्रतिसाद

फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, हे माणसांच्या बाबतीत खरं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीयांची, यादी आहे, त्यात फिरंगी वेगळे, इंग्रज वेगळे, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. कोण कुठला हे आपल्या लोकांना चांगलं ठाऊक होतं.

तलवारीच्या बाबतीत मात्र हा काटेकोरपणा नाही. पातं जर्मनीतल्या सोलिंगेनचं असो, इटलीचं असो की स्पेनचं, समुद्रापलीकडून आलं की ती फिरंग. शब्द मुळात 'फ्रँक' लोकांवरून अरबी-फारसीत गेला आणि तिथून आपल्याकडे आला. (आयुर्वेदात भावप्रकाश या ग्रंथातला 'फिरंगरोग', म्हणजे सिफिलिस, त्यातला फिरंग तोच. परदेशातून आलेल्या नकोशा पाहुण्यालाही तेच नाव.)

पण लक्षात घ्यायची गोष्ट अशी की फिरंग हे नाव पात्यावरून पडलंय. मूठ इथली, पातं तिकडचं, ही फिरंगेची साधी ओळख. लांब, बहुधा सरळ पातं बंदरावर उतरायचं आणि इथला कारागीर त्यावर आपल्या हाताला बसेल अशी मूठ चढवायचा. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार बघा. 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने ती घेतली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपीय, सरळ, एकधारी. मूठ देशी, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत राघोजींचं नाव, सेनासाहेब सुभा हा किताब, आणि शेवटी चक्क 'फिरंग' हा शब्द. शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधतो आपण, इथे तो सोन्याने लिहून ठेवलाय.

तुमच्या मामांची तलवार टोकापासून मुठीपर्यंत इंग्रजी आहे. तिला फिरंग म्हणू नये, असं माझं मत.

प्रतिसाद

इतकं कडक नको. आजोबा म्हणत होते तर तो त्या घराचा शब्द झाला. भाषेत घराचाही हक्क असतो.

शिवाय उलटं उदाहरण देतो. इंग्रजांच्या हलक्या घोडदळाचा 1796 चा सेबर ल मार्शां नावाच्या अधिकाऱ्याने बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑसबोर्नला हाताशी धरून बसवला. रुंद, चांगलंच बाकदार पातं, रिकिबीसारखी साधी मूठ. प्रशियानेही पुढे त्याची नक्कल केली. ही पाती जुनी झाल्यावर इथल्या रिसाल्यांकडे आली. निजामाच्या घोडेस्वारांकडे अशीच जुनी इंग्रजी पाती होती, मूठ देशी आणि म्यान लाकडी, अशी नोंद नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने केली आहे. हाच नोलन 1854 साली क्रिमियातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईत मारला गेला. त्या तलवारींनी होणारे घाव बघून तो चकित झाला होता. गुपित विचारलं तर काय, धार राखायची आणि विनाकारण उपसायची नाही! इंग्रजांच्या लोखंडी म्यानात पातं घासून बोथट व्हायचं, लाकडी म्यानात धार टिकायची.

आता सांगा, पातं तिकडचं, मूठ इकडची. तुमच्या व्याख्येने ही फिरंग झाली. पण बाक बघितला तर कुणीही तिला फिरंग न म्हणता नुसती तलवारच म्हणेल.

प्रतिसाद

हो, इथे माझी व्याख्या थोडी लंगडते. सरळपणा हाही फिरंगेच्या अर्थाचा भाग धरावा लागेल. तंजावरच्या कट्यारींनाही युरोपीय पाती बसवलेली सापडतात, पण त्यांना कुणी फिरंग म्हणत नाही, कट्यारच म्हणतात. म्हणजे नुसतं पातं परकं असून भागत नाही, घाटही तसा हवा.

प्रतिसाद

शब्दांचं मी सांगते. हिल्ट म्हणजे मूठ, यात वाद नाही. बोटांपुढची कमान ती परज. 'तलवार परजणे' आपण रोज लिहितो, पण परज हे नाम बहुतेक विसरलोय. तुमच्या तलवारीला एक कमान नसून पट्ट्यांची जाळी आहे, तर 'जाळीदार परज' लिहा. ब्लेडला पातं, बोथट बाजूला पाठ.

फुलरला मी पन्हळ म्हणते. पात्याच्या अंगावरून जाणारी लांबट खाच, छपराच्या पन्हळीसारखीच दिसते. फक्त तिच्यातून रक्त वाहून जातं हे चिठ्ठीत लिहू नका, हात जोडते. प्रत्येक गडावरचा वाटाड्या हे सांगतो. खाचेमुळे पातं हलकं होतं आणि तरी लवचत नाही, काम एवढंच.

आणि मुठीला काळपट, खरबरीत कातडं असेल तर 'शार्कचं' लिहिण्याआधी थांबा. बहुतेक वेळा ते पाकट या चपट्या माशाचं असतं. कोकणातल्या कुणालाही दाखवा, दाणे बघून सांगेल.

प्रश्नकर्ता

कातडं दाणेदारच आहे, वर तारेचे वेढे. पाकट! आईने लगेच ओळखलं, मी वेड्यासारखा गूगल करत बसलो होतो.

आणखी एक. परजेच्या आतल्या बाजूला बिजागरीवर मिटणारी पितळी पट्टी आहे. मामांना वाटत होतं मूठ मोडलीय.

प्रतिसाद

मोडलेली नाही, तीच तुमची तारीख आहे! तलवार कमरेला लटकवल्यावर परजेची कड डगल्याला घासू नये म्हणून ती मिटायची सोय होती. ही 1822 च्या नमुन्याची, इंग्रज पायदळ अधिकाऱ्याची तलवार. 1854 च्या सुमारास ही पट्टी काढून टाकली. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, म्हणजे 1837 च्या आधीची नाही. आता पाठ बघा. आधीच्या पात्यांची पाठ गोल नळीसारखी असे, पन्हळीचं पातं 1845 मध्ये आलं. तुमच्याकडे कोणतं?

प्रश्नकर्ता

पन्हळ आहे. पाठ सपाट.

प्रतिसाद

मग 1845 ते 1854, थोडं मागेपुढे. अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घ्यायचे, नियम बदलला म्हणून जुनी कुणी फेकून देत नसे. मुठीलगत पात्यावर चांदणीच्या आकारात बसवलेली गोल चकती आहे का? ती पात्याची चाचणी झाल्याची खूण. पाठीवर आकडा असेल तर तोही टिपा. विल्किन्सन या लंडनच्या तलवार बनवणाऱ्या कंपनीच्या पात्यांवर असतो आणि त्यावरून साल कळतं. पण पात्यावरच्या खुणांवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. जेनोव्हाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन दातेरी अर्धचंद्रांची नक्कल कॉकेशसपासून आपल्याकडेपर्यंत सगळ्यांनी केली. सोलिंगेनवाल्यांनी तर पासाऊ या दुसऱ्या जर्मन गावाची खूण, धावता लांडगाच, उचलला.

प्रतिसाद

नकली ओळखायची असेल तर खुणा राहू द्या, पातं पाठीकडून बघा. खऱ्या पात्याची जाडी मुठीपाशी भरपूर आणि टोकाकडे उतरत जाते. भिंतीवर टांगायला बनवलेलं पातं शेवटपर्यंत एकाच जाडीचं, पत्र्यातून कापल्यासारखं. हातात घेतलं की पुढे झुकतं. मी एकदा जुन्या बाजारात याच गोष्टीकडे दुर्लक्ष करून पैसे घालवलेत, म्हणून सांगतोय.

आणि संग्रह करायचा विचार डोक्यात आला असेल तर दोन कायदे माहीत असू द्या. तलवार 1959 च्या शस्त्र कायद्याखाली येते, जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनी म्हणजे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू, ती परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या चुलतभावाला भेट वगैरे सुचलं असेल तर विसरा.

प्रश्नकर्ता

चुलतभाऊ खरंच आहे, आणि त्याने विचारलंही होतं! चकती आहे, पण पाठीवर आकडा दिसत नाही, गंज आहे.

मामांनी पितळ चिंचेने घासायला घेतलं होतं. निम्मी जाळी चकचकीत, निम्मी काळी. थांबवलंय.

प्रतिसाद

थांबवलंत ते फार बरं केलंत. निम्मी तशीच राहू द्या. पात्याला पॉलिश पेपर तर अजिबात नको, कोरलेली नक्षी एका दुपारी जाते. मऊ फडक्याने हलकं तेल, बस्स.

प्रश्नकर्ता

चिठ्ठी लिहिली, बघा कशी वाटते:

'इंग्रज पायदळ अधिकाऱ्याची तलवार, 1822 चा नमुना, अंदाजे 1845–1854. पितळी जाळीदार परज, व्हिक्टोरिया राणीची अक्षरं. मुठीवर पाकटाचं कातडं आणि तारेचे वेढे. एकधारी, पन्हळीचं पातं. आमच्या घरात हिला फिरंग म्हणतात.'

प्रतिसाद

शेवटचं वाक्य वाचून तक्रार मागे घेतो. फक्त 'अक्षरं' ऐवजी 'आद्याक्षरं' करा.