सीए आर्टिकलशिप : मोठी फर्म की छोटी? शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे

जमाखर्च : मी सीए इंटरमिजिएट उत्तीर्ण झाले असून मला आर्टिकलशिपसाठी (सीएंच्या हाताखालचे दोन वर्षांचे प्रशिक्षण) दोन ठिकाणांहून होकार आला आहे. एक फर्म मोठी आहे, तिथे केवळ ऑडिट मिळेल आणि स्टायपेंडही बरा आहे. दुसरे एकट्या सीएंचे कार्यालय असून तिथे जीएसटी, टीडीएस, विवरणपत्रे आणि ऑडिट असे सगळेच करावे लागेल. दोघांनाही मी सोमवारपासून हवी आहे. कोणते निवडू? 'मनाचा कौल घ्या' असे उत्तर कृपया देऊ नये.

ताळेबंद : इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप झाले आहेत का? आयसीआयटीएसएस (आयटी प्रशिक्षण आणि ओरिएंटेशन मिळून होणारा अभ्यासक्रम) पूर्ण आहे का? हे समजल्याशिवाय सल्ला देण्यात अर्थ नाही.

नोंदवही : डोळे मिटून लहान कार्यालय घ्या. मी तिथेच शिकलो. १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता) तयार होते आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला २० तारखेपर्यंत ३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरावे लागते. मधल्या दिवसांत खरेदीची नोंद आणि २बी यांचा मेळ घालताना एखाद्या पुरवठादाराने बिल दाखवलेलेच नाही असे आढळते, आणि त्याला फोन करून ते दाखवायला लावणे हेही आर्टिकलचेच (प्रशिक्षणार्थीचेच) काम असते. व्यवहार कळतो तो असा.

पडताळणी : नोंदवही यांच्याशी मी सहमत नाही. अशा अनेक कार्यालयांत आर्टिकलचा बहुतेक वेळ टॅलीत नोंदी करण्यात जातो आणि ऑडिट म्हणजे व्हाउचरवर टिक मारणे एवढेच उरते. मोठ्या फर्ममध्ये ३१ मार्चला गोदामात उभे राहून साठा मोजावा लागतो, कामाचा प्रत्येक कागद वरिष्ठ तपासतात, आणि तुमचा निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर टिकतो हे तुम्हाला लेखी मांडावे लागते. ही शिस्त नंतर सहजी अंगी बाणत नाही.

नोंदवही : आणि मोठ्या फर्ममधला आर्टिकल दोन वर्षे फक्त स्थिर मालमत्तेचा तक्ता तपासत बसला तर?

शिल्लक : आपण सीएमएचाही (कॉस्ट अकाउंटंटचा अभ्यासक्रम) विचार करावा असे मला वाटते. माझ्या भाच्याने तोच मार्ग धरला आणि तो समाधानी आहे.

जमाखर्च : सीएमए करायचे नाही, आभारी आहे. दोन्ही ग्रुप झाले आहेत. आयटीचे प्रशिक्षण झाले आहे, ओरिएंटेशन बाकी आहे. ते मी रुजू झाल्यावर सवडीने करणार आहे.

ताळेबंद : मग फर्मचा प्रश्न नंतरचा. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या योजनेत दोन्ही ग्रुप आणि आयसीआयटीएसएस पूर्ण झाल्यावरच आर्टिकलशिप सुरू करता येते, आणि ओरिएंटेशन हा त्याचाच भाग आहे. सोमवारी तुम्ही टेबलाशी बसलात तरी फॉर्म १०३ भरून नोंदणी होणार नाही, म्हणजे ते दिवस तुमच्या दोन वर्षांत धरले जाणार नाहीत. पुढे आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनीच सीएच्या फायनल परीक्षेला बसता येते, त्यामुळे येथील उशीर एखादी परीक्षा हुकवू शकतो. आधी ओरिएंटेशनची बॅच मिळवा आणि दोन्हीकडे खरी तारीख कळवा.

जमाखर्च : हे मला कोणीही सांगितले नव्हते. आज दोन्हीकडे फोन केला. लहान कार्यालयातील सर थांबायला तयार आहेत. मोठ्या फर्मने मनुष्यबळ विभागाला विचारून सांगतो असे कळवले आहे.

पडताळणी : सरांचे थांबणे हा चांगला संकेत आहे, हे मलाही मान्य आहे. तरीही होकार देण्यापूर्वी तेथील सध्याच्या आर्टिकलला गाठा आणि गेल्या तीन महिन्यांत नेमके काय काम केले ते विचारा. त्याने एखाद्या ऑडिटचा अहवाल पूर्ण पाहिला आहे का आणि परीक्षेसाठी रजा किती मिळते, एवढे तरी विचाराच.

नोंदवही : हेच मोठ्या फर्ममधील आर्टिकललाही विचारा.