‘साउंडस्केप’ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ
सांगलीतल्या एका दवाखान्याच्या नव्या वेटिंग रूमचं काम आमच्याकडे आलंय. अहवाल मराठीत हवाय, कारण तो वाचणार डॉक्टरांचे वडील आणि चेकवर सहीही त्यांचीच. आवाजाच्या प्रकरणाला शीर्षक काय द्यावं, इथे गाडी अडली आहे. आधी ‘ध्वनिप्रदूषण नियंत्रण’ लिहिलं होतं, पण काम तेवढंच नाही. खाली गुळगुळीत फरशी, समोर काच, वर पीओपी. टाळी वाजवली की ती खोलीभर फिरत राहते. नंबर पुकारला की बावीस म्हणाले की बत्तीस तेच कळत नाही, दोन पेशंट एकदम उठतात. बरं, टीव्ही बंद करावा तर आतलं डॉक्टरांचं बोलणं बाहेरच्या बाकापर्यंत येतं. म्हणजे कुठला आवाज घालवायचा, कुठला राखायचा, कुठला नव्याने आणायचा, सगळंच ठरवायचंय. इंग्रजीत या सगळ्याला ‘साउंडस्केप’ म्हणतात. त्याला मराठीत ‘ध्वनिदृश्य’ असा शब्द सापडला. वापरू का?

हळदपेठ
नको हो. लँडस्केपचं भूदृश्य केलं, त्यातला भू काढून ध्वनी चिकटवला, झाला शब्द तयार. ऐकायची गोष्ट बघायला कुणी सांगितलंय? सरळ ‘साउंडस्केप’ लिहा.

तिसरी घंटा
वाचणारे आजोबा आहेत, हे विसरू नका.

आधी अर्थ बघू. मायकेल साउथवर्थ यांनी शहरातल्या आवाजांवर लिहिताना १९६९ साली हा शब्द वापरला होता. तो रुळवला मात्र कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९७७चं. पुढे २०१४ साली आयएसओ १२९१३ या आंतरराष्ट्रीय मानकात व्याख्या आली. तिचा मथितार्थ असा, की नुसते आवाज म्हणजे साउंडस्केप नव्हे. त्या ठिकाणी, त्या प्रसंगी माणसाला ते जसे जाणवतात आणि उमगतात, ते साउंडस्केप. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असले की परगावच्या पाहुण्याला नुसता गलका ऐकू येतो, अडत्याला त्यातून भाव कळतो. मीटर लावला तर आकडा दोघांसाठी एकच.

त्यामुळे माझं मत ‘आसमंत’ला. हा शब्द मराठीत आवाजाशिवाय फारसा येतच नाही. आसमंत दुमदुमतो, निनादतो, घुमतो.

हळदपेठ
दरवळतोही. पारिजातकाने.

तिसरी घंटा
मान्य. मग ‘श्राव्य आसमंत’ म्हणा. तसे सुटे शब्द आपल्याकडे कमी नाहीत. ‘गजबज’ म्हटलं की आवाज आणि माणसं एकदमच आली, आणि त्यात तक्रारीचा सूर नाही. तो हवा असेल तर ‘गोंगाट’ आहेच. ‘शुकशुकाट’ तर बघा, शांततेसाठीचा शब्द आणि स्वतः केवढा वाजतो! नुसतं ऐकत शहरातून चालायचं, याला साउंडस्केपवाले लोक साउंडवॉक म्हणतात. आपण ‘कानोसा घेत’ केव्हाचे चालतोय.

भोपळा-तार
शेफर यांनी आवाजांचे तीन प्रकार सांगितलेत, त्यांनाही शब्द हवेत. पहिला, सतत असणारा आणि म्हणूनच लक्षात न येणारा. आम्हा मिरजकरांना विचाराल तर तो तानपुरा. थांबला की मग कळतं, इतका वेळ चालू होता. तुमच्या दवाखान्यात तो मान पंख्याचा. दुसरा, मुद्दाम लक्ष वेधणारा: हॉर्न, घंटा. याला ‘इशारा’. तिसरा म्हणजे जो ऐकला की गाव ओळखता येतं, त्याला ‘ध्वनिखूण’ म्हणू. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. निघाला इशारा म्हणून, आता त्या गावाची ध्वनिखूण झालाय. भोंग्याने शांतता आणायची, हेही आपल्याच जिल्ह्यात!

आणि कृष्णाकाठ, तुमची ती टाळी म्हणजे पडसाद नव्हे. पडसाद वेगळा, सुटा परत येतो. हे घुमणं आहे, ‘निनाद’ म्हणा. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ तो निनादकाल. हार्वर्डला फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. तो दोष काढायचं काम १८९५ साली भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्याकडे आलं, तर गड्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री नेऊन मांडल्या आणि किती गाद्यांनी किती फरक पडतो ते मोजलं. इतकं साधं. तुम्हीही छताखाली मऊ काहीतरी लावा, बावीसचे बावीसच राहतील.

कृष्णाकाठ
टाइल्स ठरल्यात, गाद्या नाहीत. कोपऱ्यात बारीक धार असलेलं पाणी ठेवतोय, म्हणजे आतलं बोलणं त्यात झाकलं जाईल. पण हे मी *रचतोय*. ‘श्राव्य आसमंत’ आहे त्याला झाला, रचलेल्याला काय?

तिसरी घंटा
विष्णुदास भाव्यांच्या गावात हा प्रश्न? १८४३ला ‘सीता स्वयंवर’ इथेच झालं. ‘ध्वनिनेपथ्य’ म्हणा! आज नेपथ्य म्हणजे उभे केलेले देखावे, पण संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ ही सूचना येते ती पडद्याआडून काही ऐकू येतं तिथे. त्या शब्दात आवाज आधीपासून आहे.

हळदपेठ
आजोबांना वाटेल दवाखान्यात नाटक बसवताय. आणि २०००च्या ध्वनी नियमावलीचं काय? दवाखान्यांभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल. ते लिहा आधी.

कृष्णाकाठ
ते परिशिष्टात घातलंय. ती मर्यादा झाली. ५०च्या आत राहूनही नंबर न कळणं शक्य आहे.

कृष्णाकाठ (आठवड्याने)
अहवाल दिला. शीर्षक ‘ध्वनिनेपथ्य’, खाली एका ओळीत खुलासा. आजोबांनी सगळा वाचला, पाण्याच्या धारेला मंजुरी दिली. शीर्षक मात्र लाल पेनने खोडलंय. वरच्या दोन प्रकरणांची नावं ‘बसायची सोय’ आणि ‘पाण्याची सोय’ आहेत. त्याखाली त्यांनी लिहिलंय: ‘ऐकायची सोय’.

तिसरी घंटा
बोलणंच खुंटलं.